सडात ट्यूब सोडण्याआधी : कासदाह प्रकल्पाच्या नोंदी, सोलापूर

१० जून २०२४
मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यांतले लहान गोठे. साधारण आठ-बारा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी, सोबत एखादी पंढरपुरी म्हैस. मुक्त गोठा, बोअरचे पाणी, बादली मशीनवर धार. दगडी, म्हणजे कासदाह (कासेची सूज), दिसली की संध्याकाळच्या धारेनंतर सडात प्रतिजैविकाची ट्यूब जाते, तीन-चार दिवसांत दूध निवळते आणि पुढच्या महिन्यात तीच कास पुन्हा सुजते. कोणता जिवाणू होता हे कोणालाच माहीत नसते.

कामाचा नियम एकच ठरवला: ट्यूबला ‘पर्याय’ शोधण्याआधी ती कुठे लागतच नाही हे शोधायचे. गाय तापाने फणफणली, वैरण सोडली, कान गार पडले किंवा दूध पाण्यासारखे पिवळट आले, तर हा प्रकल्प तिथे थांबतो आणि पशुवैद्यकाला फोन जातो. त्यात चर्चा नाही.

१४ जून
सीएमटी, म्हणजे कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट, सगळ्या दुभत्या जनावरांवर. चार वाट्यांची फळी. पहिल्या दोन-तीन चिरकांड्या टाकून द्यायच्या, मग प्रत्येक सडाचे थोडे दूध आपापल्या वाटीत. फळी जवळजवळ उभी धरून जास्तीचे सांडायचे, की प्रत्येकीत सुमारे २ मिली उरते. तितकेच द्रावण घालून फळी दहा सेकंद आडवी गोल फिरवायची आणि वीस सेकंदांच्या आत वाचायची. उशीर केला तर हलकी जेल पुन्हा पातळ होते आणि सौम्य केस हातची जाते.

द्रावणातला डिटर्जंट दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतो, त्यांचा डीएनए मोकळा होऊन जेल धरतो. म्हणजे ही चाचणी सूज दाखवते, जिवाणू दाखवत नाही. जेल नाही तर पेशी साधारण २ लाख प्रति मिलीच्या खाली. मध्यभागी गोळा होऊन फुगणारी घट्ट जेल म्हणजे ५० लाखांच्या वर.

फळीचे द्रावण संपले तर कपडे धुण्याच्या पावडरचे ३ टक्के द्रावण, म्हणजे अर्ध्या लिटर पाण्यात १५ ग्रॅम, दुधाइतकेच घालून कामचलाऊ वाचन मिळते. पण बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट उतरत नाही, फेसाळ गाळ होतो. त्यासाठी आरओचे पाणी घ्यावे. व्याल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत ही चाचणी करू नये, आणि आटवायच्या सुमारास जेल आली तर ती जपून वाचावी. तेव्हा निरोगी सडातही पेशी जास्त असतात.

२० जून
जेल आलेल्या सडांचे नमुने घेतले. प्रकल्पातली सगळ्यांत जास्त चुकणारी पायरी हीच, म्हणून सविस्तर.

हात धुवून हातमोजे. सड कोरडा पुसलेला हवा. ओला सड असला तर वरून ओघळणारे पाणी कासेवरचे जिवाणू थेट नळीत आणते. ७० टक्के स्पिरिटच्या बोळ्याने सडाचे टोक घासायचे, बोळा पांढरा निघेपर्यंत. पुसताना आधी लांबचे दोन सड, मग जवळचे. नमुना घेताना उलट: आधी जवळचे, मग लांबचे. नाहीतर पुसलेल्या सडाला बाही लागते. निर्जंतुक नळी तिरकी धरायची, झाकण तोंड खाली करून बोटांत, ५ ते १० मिली दूध, बर्फाच्या डब्यात ४ अंशांना, २४ तासांच्या आत प्लेटवर (जिवाणू वाढवण्याच्या बशीवर).

मेंढीच्या रक्ताच्या ५ टक्के अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर) ०.०१ मिली दूध पसरवून ३७ अंशांना २४ तास. एका प्लेटवर तीन किंवा जास्त तऱ्हेच्या वसाहती आल्या तर तो नमुना दूषित. वाचायचा नाही, पुन्हा घ्यायचा. सोनेरी-पांढऱ्या, भोवती रक्त विरघळवणाऱ्या वसाहती मॅनिटॉल सॉल्ट अगारवर टाकायच्या. अगार पिवळा पडला तर काचनळीत कोअ‍ॅग्युलेज चाचणी. नळीतला रक्तद्रव गोठला की नाही ते ४ तासांवर पाहायचेच. नुसते २४ तासांनी पाहिले तर काही जातींचे एन्झाइम झालेला गोळा परत विरघळवते आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस ‘नाही’ म्हणून सुटतो.

स्टॅफ ऑरियस दुधात रोज सारखा येत नाही. जेल ठाम पण प्लेट कोरी असेल तर ०.१ मिली पसरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचे.

निकालावर निर्णय असा. वाढ नाही किंवा ई. कोलाय, आणि गाय खात-पीत आहे: ट्यूब नाही. अशा सौम्य केसमध्ये प्लेट वाचेपर्यंत शरीराने जिवाणू बहुतेकदा निपटलेला असतो. वारंवार धार काढून कास रिकामी ठेवायची, सूज-वेदनेचे औषध पशुवैद्यक देतात. स्ट्रेप्टोकोकस: ट्यूब, पूर्ण कोर्स. जुना, पुन्हापुन्हा येणारा स्टॅफ ऑरियस, कास कडक: ट्यूब सोडूनही फारसे हाती लागत नाही, कारण तो पेशींत आणि कासेच्या तंतुमय गाठींत बसतो. त्या गाईची धार सगळ्यांत शेवटी. पुढच्या वेताला तिला ठेवायचे की नाही, हा मालकाचा हिशेब.

२४ तास थांबायला मालक तयार होत नाहीत, ही खरी अडचण. दूध तसेही त्या दिवशी डेअरीला जाणार नसते, हे सांगितल्यावर थोडे पटते.

२७ जून
पाऊस लागला, मुक्त गोठ्याच्या दारात आणि गव्हाणीपाशी चिखल. मुरूम टाकून उतार काढणे हे पहिले काम, डिप (सड जंतुनाशकात बुडवणे) त्यानंतर.

सड बुडवण्याचे द्रावण गोठ्यावरच बनवले. १० टक्के पोव्हिडोन आयोडीन ५०० मिली, ग्लिसरीन १०० मिली, उकळून गार केलेले पाणी ४०० मिली. यात उपलब्ध आयोडीन ०.५ टक्के येते. मोठा घोळ बाटलीच्या लेबलवर होतो: १० टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये खरे उपलब्ध आयोडीन १ टक्काच असते, ५ टक्केवाल्यात ०.५ टक्के. ‘५ टक्के आहे, दहापट पातळ करा’ असे कोणी केले की हातात ०.०५ टक्क्याचे रंगीत पाणी उरते. दोन महिने नेमाने डिप करून फरक पडत नाही म्हणणाऱ्या गोठ्यात आधी हेच विचारावे. ५ टक्केवाली बाटली असेल तर पाणी घालायचेच नाही.

एका गाईला एका धारेला १० मिली धरा. दहा गायी, दोन वेळा, रोज २०० मिली. लिटरभर पाच दिवस पुरते. जास्तीचे बनवून ठेवू नये. उरलेला डिप धारेनंतर ओतून द्यायचा, बाटलीत परत नाही: शेण आणि दूध मिसळले की आयोडीन त्यातच खर्ची पडते. तपकिरी रंग फिका दिसला तर ते द्रावण मेले.

धारेआधी: चार चिरकांड्या काळ्या बुडाच्या पेल्यात, डिप, ३० सेकंद थांबणे, प्रत्येक गाईला वेगळ्या कापडाने पुसणे. सडाला पहिला हात लागल्यापासून दीड मिनिटाच्या आत मशीन. पान्हा त्याच वेळात असतो. म्हशीला वेळ जास्त लागतो आणि वासरू पाजल्याशिवाय पंढरपुरी बहुधा पान्हवत नाही. वासरू सोडवल्यावर सड पुन्हा धुऊन पुसायचा, मग डिप. धारेनंतर लगेच दुसरा डिप, सडाचा निदान तीन-चतुर्थांश भाग बुडेल असा. फवारणीत मागची बाजू कोरडी राहते. मग पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते आणि सडाचे तोंड मिटते. चिखलात लगेच बसली तर डिपचा पैसा वाया.

हाताने धार असेल तर मुठीने. अंगठा मुडपून ओढणाऱ्यांच्या गायींची सडाची टोके बघितली की वेगळा पुरावा लागत नाही.

५ जुलै
मशीन. रबरी लायनर (सडावर बसणाऱ्या आतल्या नळ्या) साधारण २,५०० धारांना बदलतात. दहा गायी, दोन युनिट, दोन वेळा म्हणजे एका लायनरवर रोज दहा धारा. हिशेबाने २५० दिवस. पण रबर उन्हाळ्यातच चिरते, म्हणून सहा महिन्यांनी. बोट आत फिरवून खरखर लागली तर त्याआधीही. पल्सेशन (मशीनचे दाबणे-सोडणे) मिनिटाला ६० च्या आसपास. मशीन काढल्यावर सड निळसर आणि टोकाशी कडा उभी दिसली तर निर्वात जास्त आहे किंवा दूध संपल्यावरही मशीन लागून राहते.

बोअरच्या जड पाण्याने पाइपांत दुधाचा दगड धरतो, त्याखाली जिवाणू आरामात राहतात. आधी कोमट पाणी, मग ७० अंशांचे अल्कली द्रावण (बाहेर पडताना ४५ च्या खाली जाऊ देऊ नये), आठवड्यातून एकदा फॉस्फोरिक आम्लाची धुलाई. आम्ल आणि क्लोरीन एकाच बादलीत कधीही नाही. क्लोरीन वायू सुटतो.

१२ जुलै
कोरफड, हळद, चुना. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ हा लेप सुचवते आणि गोठ्यांवर तो आवडतो, म्हणून नीट करून पाहिला. कोरफडीची पाने २५० ग्रॅम काटे काढून, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, एकत्र वाटायचे. लालसर लगदा होतो. पिवळाच राहिला तर चुना जुना किंवा कमी. मूठभर लगद्यात १५०-२०० मिली पाणी, कास धुऊन पूर्ण रिकामी करून सगळीकडे लावायचा. दिवसात दहा वेळा, पाच दिवस. लगदा रोज ताजा. सोबत रोज दोन लिंबे, तीन दिवस.

दहा वेळा कोणी लावत नाही. दोनदा लावून ‘गुण नाही’ म्हणणे आणि दोनदा लावून ‘गुण आला’ म्हणणे, दोन्ही सारखेच पोकळ. चुना अंदाजाने वाढवला की कातडी सोलते. भेगाळलेल्या सडावर लावूच नये. पुढच्या धारेआधी लेप पूर्ण धुतला पाहिजे.

आमचे मत: सूज उतरायला मदत होत असावी. पण ज्या सौम्य केसमध्ये प्लेट कोरी येते, तिथे काहीही न लावलेली गायही बरी होते. त्यामुळे प्लेट न लावता मोजलेला गुण लेपाच्या खात्यात टाकणार नाही. स्ट्रेप्टोकोकसच्या कासेवर लेपावर विसंबून आठवडा घालवणे धोक्याचे.

२२ जुलै
फेज. म्हणजे जिवाणूंना खाणारे विषाणू. अर्नेस्ट हँकिन यांनी आग्र्यात काम करताना गंगा-यमुनेच्या पाण्याचा पटकीच्या जिवाणूंवरचा मारक परिणाम १८९६ मध्ये नोंदवला होता. फेलिक्स डेरेल यांनी १९१७ मध्ये त्यांना ‘बॅक्टेरियोफेज’ नाव दिले. गोठ्यातल्या स्टॅफ ऑरियसवर चालणारा फेज मिळतो का, हा प्रयोगशाळेचा भाग.

गोठ्याच्या गटाराचे आणि शहराच्या नाल्याचे पाणी, प्रत्येकी ५० मिली. १५ मिनिटे सेंट्रिफ्यूज, मग ०.४५ आणि नंतर ०.२२ मायक्रॉन फिल्टर. थेट ०.२२ वर टाकले की दोन मिनिटांत चोंदते आणि मागून जोर लावला की फिल्टर फाटतो. गाळलेले १० मिली, दुप्पट तीव्रतेचे ब्रॉथ (जिवाणू वाढवण्याचे द्रव) १० मिली, वाढीच्या भरात असलेला यजमान जिवाणू (फेज ज्याच्यावर वाढतो तो) १ मिली, कॅल्शियम क्लोराइड शेवटी १ मिलिमोलर. रात्रभर ३७ अंशांना हलवत. कॅल्शियमचे द्रावण वेगळे निर्जंतुक करून गार झाल्यावर मिसळायचे. ब्रॉथसोबत ऑटोक्लेव्ह केले (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केले) तर फॉस्फेटशी जोडून पांढरा गाळ बसतो. ई. कोलायचे फेज नाल्यात सहज सापडतात, स्टॅफचे कमी. त्यासाठी गोठ्याचे पाणी आणि दोन-तीन फेऱ्यांचे संवर्धन.

२६ जुलै
दुहेरी थर. खाली १.५ टक्के अगार, वर ०.५ टक्क्याचा मऊ अगार ४५ ते ४८ अंशांवर. १०० मायक्रोलिटर फेज आणि २०० मायक्रोलिटर यजमान दहा मिनिटे एकत्र ठेवून मऊ अगारमध्ये, लगेच प्लेटवर. अगार ५० च्या वर गेला तर यजमानच मरतो आणि सगळी प्लेट ‘साफ’ दिसते; ४२ च्या खाली गेला तर गुठळ्या. दर वेळी फक्त यजमानाची, फेजविना प्लेट सोबत लावली की हा गोंधळ लगेच कळतो. पावसाळी हवेत प्लेट ओल्या राहतात, ठिपके (फेजने जिवाणू मारून पडलेल्या साफ जागा) पसरून एक होतात. वापरण्याआधी झाकण तिरके ठेवून सुकवायच्या.

थेंब टाकून आलेला साफ डाग म्हणजे फेज, असे लिहायचे नाही. बॅक्टेरिओसिननेही (जिवाणूंनीच सोडलेल्या मारक प्रथिनानेही) तसाच डाग पडतो. दहापट-दहापट पातळ करत नेले आणि शेवटी सुटे ठिपके आले, तरच फेज. ३० ते ३०० ठिपक्यांचीच प्लेट मोजायची. धूसर, मधे वाढ असलेले ठिपके बाजूला: तो फेज जिवाणूच्या जनुकांत दडून बसणारा असू शकतो. स्टॅफचे असे फेज विषाची जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात नेतात. तसला फेज कासेत सोडणे म्हणजे चोराला किल्ली देणे. साफ ठिपका उचलून तीनदा शुद्ध करायचा, ४ अंशांना ठेवायचा. गोठवायचा असेल तर ग्लिसरॉलसह.

२ ऑगस्ट
ब्रॉथमध्ये झकास चालणारा फेज कच्च्या दुधात घातला की थंडावतो. हे आधीपासून ज्ञात आहे: स्टॅफवरचा प्रसिद्ध फेज ‘के’ कच्च्या दुधात रोखला जातो, कारण निवळीतली प्रथिने जिवाणूच्या पृष्ठभागाला चिकटून फेजला बसायला जागा ठेवत नाहीत. दूध तापवले की हा अडथळा बराच कमी होतो. कासेतले दूध कोण तापवणार? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाच फेज स्टॅफ ऑरियस असलेल्या कासेत सोडला होता. १८ पैकी ३ कासभाग बरे झाले, सलाइन दिलेल्या २० पैकी एकही नाही. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही.

म्हणून प्रकल्पात फेज कासेत जाणार नाही. लायनर आणि सडाच्या कातडीवर त्याचा उपयोग तपासू, कारण तिथे दूध धुऊन काढता येते. आयोडीन आणि फेज एकाच पाळीत वापरता येत नाहीत, आयोडीन फेजही मारते.

१२ ऑगस्ट
शेजारच्या ब्रॉयलर शेडची चौकशी. कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्यजनावरांसाठी जुलै २०१९ पासून देशात बंद आहे. युरोपीय संघाने वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके १ जानेवारी २००६ पासून बंद केली. त्या जागी सेंद्रिय आम्ले आणि प्रोबायोटिक विकली जातात, आणि दोन्ही पाण्यात फसतात. आपल्या बोअरची क्षारता इतकी असते की डब्यावरच्या मात्रेने सामू (पीएच) हलत नाही. स्वतःच्या एक लिटर पाण्यात मिलीमिलीने आम्ल घालून सामू मोजावा आणि त्यावरून टाकीचा हिशेब करावा. ४ च्या खाली नेऊ नये, पक्षी पाणी कमी पितात. आम्लाने नळीतला जुना चिकट थर सुटून पाणी पिण्याचे निपल चोंदतात, तेव्हा शेड रिकामे असताना नळ्या हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन घ्याव्यात. प्रोबायोटिक क्लोरीनच्या पाण्यात देणे म्हणजे विकत घेऊन मारणे. खाद्यातून द्यावे.

२१ ऑगस्ट
त्याच शेतकऱ्यांच्या डाळिंबावर तेल्या (जिवाणूंमुळे होणारा रोग). स्ट्रेप्टोमायसिन ९ टक्के आणि टेट्रासायक्लिन १ टक्का असलेली पुडी बागेत आणि तीच औषधकुळे गोठ्यात. डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या मसुद्यात शेतीतला हा वापर १ जानेवारी २०२४ पासून थांबवण्याचे म्हटले होते. पावसातला मृग बहार टाळून हस्त धरणे, बागेला तीन-चार महिने विश्रांती, छाटणीची कात्री झाडागणिक निर्जंतुक करणे, आणि १ टक्का बोर्डो: १०० लिटरला मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत वेगळे विरघळवून एकत्र ओतायचे. लोखंडी खिळा बुडवून तांबूस झाला तर चुना कमी आहे.

३० ऑगस्ट
गोठेवाल्यांसाठीच्या माहितीपत्रकात माणसांचा भागही हवा, कारण घरातल्या जुलाबाला दुकानातून तीच गोळी येते. लहान मुलाच्या पाण्यासारख्या जुलाबात प्रतिजैविकाची गरज सहसा नसते. ओआरएस: लिटर पाण्याला मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम (तयार पुडीत हेच असते, घरी मोजत बसू नये). झिंक २० मिग्रॅ रोज १४ दिवस, सहा महिन्यांखालच्या बाळाला १० मिग्रॅ. शौचात रक्त, ताप किंवा बाळ पेंगुळलेले: दवाखाना.

लस हा सगळ्यांत जुना आणि खात्रीचा पर्याय. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची कॉन्जुगेट लस मुलांना दिली; जो टायफॉइड झालाच नाही त्याला गोळी लागत नाही. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत मेथेनामिन हे रोजच्या कमी मात्रेच्या प्रतिजैविकापेक्षा कमी ठरले नाही, असे २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत दिसले. ते आम्लयुक्त लघवीत फॉर्माल्डिहाइड बनून काम करते. प्रतिबंधापुरतेच, चालू संसर्गावर नाही. पत्रकात हे एवढेच. ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ हा शब्द काढून टाकला.

९ सप्टेंबर
ट्यूब सोडलेल्या गाईचे दूध वेगळे काढण्यावरून वाद. एका सडात सोडली म्हणून बाकी तीन सडांचे दूध चालते, हा समज चुकीचा. औषध रक्तातून इतर सडांत उतरते. लेबलवरचा काळ चारही सडांना. गोठ्यावरची खूण: विरजण नेहमीचे आणि दही लागत नसेल तर दुधात औषध असू शकते. संकलन केंद्रावरची जांभळी-पिवळी चाचणीही त्याच तत्त्वावर: ६४ अंशांना जिवाणू वाढला की आम्ल होऊन रंग पिवळा, औषध असेल तर जांभळाच. ते दूध वासरालाही पाजू नये, त्याच्या आतड्यात प्रतिकारक जिवाणू निवडले जातात.

१८ सप्टेंबर
आटवणी (व्यायच्या आधी दूध बंद करणे) सुरू. सीएमटीत चारही सड स्वच्छ आणि या वेतात दगडी झालेली नाही, अशा गायींना प्रतिजैविकाशिवाय फक्त सील (सड आतून बंद करणारी पेस्ट): ६५ टक्के बिस्मथ सबनायट्रेट, सडाला ४ ग्रॅम. बाकीच्यांना प्लेटच्या निकालाप्रमाणे ट्यूब आणि वर सील.

प्रतिजैविक नसलेले सील सोडताना घाण आत गेली तर तिला मारणारे काहीच नसते. म्हणून इथे नमुना घेण्यापेक्षाही जास्त काटेकोरपणा. पूर्ण धार, मग स्पिरिटचा बोळा निदान १५ सेकंद प्रत्येक सडाला. नळीचे टोक ३ मिमीच आत. दुसऱ्या हाताच्या बोटांनी सड वर कासेपाशी चिमटीत धरायचा आणि सोडायचे, म्हणजे सील सडातच राहते. नेहमीच्या ट्यूबसारखे वर चोळायचे नाही. गडी सवयीने चोळतात, ते थांबवावे लागते. मग डिप, आणि दोन तास कोरड्या जागी उभी.

व्याल्यावर पहिल्या धारेला मशीन लावू नये. सड वर चिमटीत धरून दहा-बारा चिरकांड्या हाताने काढायच्या, सील लांबट तुकड्यांत बाहेर येते. पुढचे काही दिवस पांढरे कण दिसले तर दगडी समजून ट्यूब सोडण्याची घाई होते. फरक बोटांवर कळतो: सील पुट्टीसारखे चिकट, पेल्याच्या बुडाशी बसते. दगडीची गुठळी मऊ, बोटांत फुटते. खात्री नसेल तर सीएमटी लावून उपयोग नाही, चीक चालू आहे. नमुना प्लेटवर टाकायचा.